विमान जोरात बसते तेव्हा

शंभर तासांच्या तपासणीसाठी सेसना १५२ या जातीच्या एका शिकाऊ विमानाचे काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे पत्र्याचे आवरण, उतरवले होते. इंजिनाच्या मागे आणि वैमानिकाच्या पायांच्या पुढे जी पातळ पोलादी भिंत असते, तिला आमच्याकडे सगळेच फायरवॉल म्हणतात. पुढच्या चाकाचा पाय तिच्याच खालच्या भागावर बसवलेला असतो. मी सवयीने टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली. समोरून उजेड टाकला तर पत्रा सपाटच दिसतो; आडव्या उजेडात मात्र त्याच्यावरच्या बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते. तशा सावल्या तिथे पडल्या होत्या. पायाच्या बैठकीपासून उजव्या कोपऱ्याकडे तिरक्या सुरकुत्या गेल्या होत्या आणि त्याच्याच लगतच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दोन रिव्हेटांमागे काळसर ओघळ उतरले होते. रिव्हेट सैल झाला की तो आपल्या भोकात सतत किंचित हलत राहतो, धातू झिजून त्याची काळी भुकटी होते आणि ती वाऱ्याबरोबर मागे ओढली जाते. बोट फिरवले तर बोटाला राखेसारखे काळे लागते. मी टेक लॉग, म्हणजे विमानाची उड्डाणे आणि बिघाड लिहायची वही, मागवला. सर्किट, सर्किट, टच अँड गो, सोलो, पुन्हा सर्किट. सर्किट म्हणजे एक फेरी मारून उतरणे, टच अँड गो म्हणजे चाके टेकवून लगेच पुन्हा वर जाणे आणि सोलो म्हणजे विद्यार्थ्याने एकट्याने उडणे. प्रत्येक उड्डाणापुढे वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सह्या होत्या आणि स्नॅगच्या, म्हणजे बिघाडाच्या, रकान्यात सगळीकडे ‘निल’, म्हणजे काही नाही, असे लिहिलेले होते.

असे नुकसान हवेत होत नाही आणि हँगरमध्ये उभ्या विमानालाही होत नाही. कधीतरी हे विमान नाकावर आपटले होते. आत बसलेल्या माणसाला तो धक्का पाठीच्या कण्यात जाणवला असणार. त्याने विमान एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या जागेवर, आणले, इंजिन बंद केले, चाकांना ठोकळे लावले, लॉगमध्ये ‘निल’ लिहून सही केली आणि तो जेवायला गेला. त्यानंतर दुसऱ्या कोणीतरी तेच विमान बाहेर काढले. उड्डाणापूर्वी त्याने विमानाभोवती नेहमीप्रमाणे फेरी मारली असेल, तेल पाहिले असेल, इंधन तपासले असेल. पण काउलिंगच्या आत दडलेला फायरवॉलचा खालचा कोपरा त्याला दिसणे शक्य नव्हते.

सुरकुत्या काढता येतात. मला त्या दुसऱ्या वैमानिकाचा विचार सोडत नव्हता.

विमान उतरवणे ही कला शिकताना हात चुकतात, हे इथे कोणाला नवे नाही. सेसना १५२ साठ नॉटच्या आसपास वेगाने धावपट्टीकडे येते. शेवटच्या काही फुटांवर नाक हळूहळू वर घेत वेग मारायचा असतो आणि पंखांची उचल संपता संपता मागची दोन चाके जमिनीला लागायला हवीत. त्या क्षणी पंखाच्या पुढच्या कडेतल्या छोट्या छिद्रातून हवा ओढली जाऊन स्टॉल वॉर्निंगची, म्हणजे उचल संपत आल्याच्या इशाऱ्याची, शिट्टी रडवेल्या सुरात वाजू लागते. नवख्या मुलाला ती धोक्याची वाटते, आणि मुरलेल्याला सगळे जुळून आल्याची. नवखा बहुतेक वेळा धावपट्टी जवळ आली असे समजून नाक लवकर उचलतो. मग विमान दहा-बारा फुटांवर वेग गमावून बसते आणि तिथून खाली पडते. किंवा तो उशीर करतो आणि पुढचे चाक आधी टेकते. पुढचे चाक आधी टेकले की नाक वर फेकले जाते, पंखांना अचानक जास्त उचल मिळते, आणि विमान पुन्हा हवेत जाते. इथेच खरी परीक्षा असते. घाबरलेला हात योक, म्हणजे नाक वर-खाली करायचे हँडल, पुढे ढकलतो. नाक खाली जाते आणि पुढचे चाक आधीपेक्षा जास्त जोराने आपटते. दुसऱ्या उडीनंतर तिसरी येते आणि प्रत्येक उडी आधीच्या उडीपेक्षा वाईट असते. थ्रॉटल पूर्ण पुढे देऊन, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद लावून, गो अराउंड करणे, पुन्हा एक फेरी मारून नव्याने उतरणे, एवढाच त्यावरचा उपाय आहे आणि तो पहिल्या दिवसापासून शिकवला जातो. पण धावपट्टी डोळ्यांसमोर असताना ती सोडून वर जाण्यासाठी जे मन लागते ते तयार व्हायला वेळ जातो.

प्रशिक्षणाची विमाने बनवणाऱ्यांनी हे सगळे धरूनच ती बनवलेली असतात. सेसनाच्या मागच्या चाकांचे पाय स्प्रिंगच्या पोलादी नळ्यांचे असतात. ते बाहेर फाकतात, धक्का पोटात घेतात आणि परत येतात. पुढच्या पायात लाल हायड्रॉलिक तेल आणि दाबाखालची हवा असते. पायांची ताकद ठरवताना सेकंदाला सात ते दहा फूट वेगाने खाली येणारे विमान गृहीत धरायचे, असा अमेरिकी प्रमाणीकरणाचा जुना नियम होता. १५२साठी हिशेब केला तर तो आकडा आठ फुटांच्या जवळ जातो. चांगल्या लँडिंगला विमान सेकंदाला दोन-तीन फुटांनी खाली येत असते, म्हणजे हाताशी भरपूर राखीव आहे असे वाटते. पण धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीनाऐवजी सहा फुटांनी आदळले तर पायांना चौपट सोसावे लागते. शिवाय हा सगळा हिशेब मागच्या पायांच्या भरवशावर आहे. नाकाचा पाय हा विमान जमिनीवर वळवण्यासाठी आणि प्रोपेलरला जमिनीपासून वर ठेवण्यासाठी दिलेला आहे. विमानाचे सगळे वजन आदळून घेण्यासाठी तो बनवलेलाच नाही. म्हणून अशा विमानाचे जे काही मोडते, वाकते, चिरते, त्यातले पुष्कळसे नाकाशी सापडते.

आपल्याकडे घाटावरचा उन्हाळा यात भर घालतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरी धावपट्टीवरून तापलेली हवा वर उसळत असते. बाजूला उसाचा मळा किंवा नुकतेच पाणी दिलेले रान असेल तर तिथे तीच हवा अचानक थंडावते. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आले की आधी खाली खेचल्यासारखे होते आणि लगेच वर उचलले जाते. टेकायला तयार झालेले विमान टेकतच नाही, तरंगत पुढे जाते, आणि वैतागलेला किंवा घाबरलेला हात त्याला जबरदस्तीने खाली बसवतो. त्या दिवसांत मी दुपारच्या सर्किटचा आवाज हँगरमधून कान देऊन ऐकत असे. चांगल्या लँडिंगला टायर एकदा कुईं करून गप्प होतात. वाईट लँडिंगचा आवाज टायरांचा नसतोच. पोकळ, पत्र्याचा, दोनदा-तीनदा येणारा धप्प असा आवाज असतो, आणि हातातला पाना तिथेच थांबतो.

अशा आवाजानंतर विमान आत आले आणि कोणी सांगितले की जोरात बसले, तर आमचे काम सुरू होते. ते घाईने करण्याजोगे नाही. पुढच्या पायातल्या चकचकीत पिस्टनवर लाल तेलाचा पट्टा आहे का ते आधी पाहतो. चाकाचा काटा सरळ आहे का, टायरच्या बाजूला घासल्याची खूण आहे का, शेपटीखालची दोर बांधायची कडी घासली आहे का, हेही बाहेरूनच दिसते. नंतर आतले. सीट बाहेर काढून, गालिचा उचलून, मागचे पाय जिथे विमानाच्या पोटात शिरतात त्या बैठकी पाहायच्या. बोल्टच्या कडेचा रंग तडकला असेल तर तो बोल्ट निघतोच. इंजिन ज्या नळ्यांच्या सांगाड्यावर टांगलेले असते त्याच्या वेल्डिंगच्या जागा पाहायच्या. पंखाच्या मुळाशी पत्रा तळहाताने दाबून पाहायचा. डब्याचे झाकण दाबल्यावर होतो तसा टक्क आवाज आला तर आतले काहीतरी आपल्या जागेवर राहिलेले नाही. आणि दार. काल नीट लागणारे दार आज वरच्या कोपऱ्यात किंचित उघडे राहत असेल, तर मी त्या विमानावर सही करत नाही, कारण दार बदललेले नसते, दाराची चौकट बदललेली असते.

शंका राहिली तर लाल रंगाची चाचणी. भाग धुऊन, पुसून, कोरडा करून त्यावर पातळ लाल द्रव लावतात, तो मुरू देतात, मग वरून पुसून पांढरी भुकटी फवारतात. मी तेव्हा स्टूल घेऊन समोर बसतो. बराच वेळ काहीच दिसत नाही. आणि धातूला चीर असेल तर पांढऱ्या भुकटीवर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते, मग ती जाड होते, कारण चिरीत शिरलेला रंग बाहेर येत राहतो. नुसत्या डोळ्यांनी तिथे अखंड धातू दिसत होता. इतकी वर्षे हे काम करूनही ती रेघ उमटताना माझ्या पोटात कालवाकालव होते.

प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर गोष्ट वेगळ्याच पातळीवर जाते. नाक व्यवस्थित उभे असताना पात्याचे टोक आणि जमीन यांत जेमतेम फूटभर अंतर असते. पाय दबला आणि टायरही दबला की ते उरत नाही. पात्याचे टोक किंचित मुडपलेले दिसते आणि मालकाला वाटते की पाते बदलले की झाले. पण मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेणारा प्रोपेलर क्षणभर अडला की तो हिसका क्रँकशाफ्टमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यातून, थेट इंजिनाच्या मागच्या टोकाला जातो. १५२च्या लायकॉमिंग इंजिनात तिथे एक गिअर असतो. तो एका बोल्टवर आणि एका छोट्या पोलादी खुंटीवर धरलेला असतो. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट आणि ठिणगी देणारे मॅग्नेटो त्याच्यावरच फिरतात. ती खुंटी दुखावली तर इंजिन त्या दिवशी चालेल, पुढच्या आठवड्यातही चालेल, आणि मग एखाद्या टेकऑफला एकाच क्षणात बंद पडेल. म्हणून प्रोपेलर अडला की इंजिन उतरवून उघडायचे, हा शिरस्ता आहे. उंच गवतात पाते शिरून फेरे अचानक कमी झाले तरीही तो लागू होतो. त्याचा खर्च मोठा असतो आणि विमान बरेच दिवस उभे राहते, आणि गप्प बसण्याचा मोहही नेमका इथेच सर्वांत जास्त असतो.

आमच्या क्षेत्रात ४ एप्रिल २०१८ ही तारीख पुष्कळांच्या लक्षात आहे. फ्लोरिडातल्या डेटोना बीचवरून टच अँड गो करून वर जाणाऱ्या प्रशिक्षणाच्या एका पायपर विमानाचा डावा पंख हवेतच निखळला. आत परीक्षा देणारा विद्यार्थी आणि परीक्षक होते, दोघेही गेले. विमान २००७ सालचे, म्हणजे या धंद्यात तरुण म्हणावे असे होते. पण त्याच्या नावावर तीस हजारांहून जास्त लँडिंग होती. पंखाच्या मुख्य तुळईच्या खालच्या पट्टीत, बोल्टच्या भोकांपाशी धातू थकून चिरत गेला होता. तो एका लँडिंगचा परिणाम नव्हता. हजारो उड्डाणांचे आणि हजारो उतरण्यांचे भार एकावर एक साठत गेले होते आणि ज्या जागी ते साठत होते ती जागा नेहमीच्या तपासणीत डोळ्यांना दिसणारी नव्हती. त्यानंतर तशा विमानांच्या त्या भोकांची विद्युत चाचणी करण्याचे आदेश निघाले. मी तो अहवाल वाचला तेव्हा आमच्या हँगरमधल्या प्रत्येक विमानाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. मोठे प्रवासी विमान दिवसात चार-पाच वेळा उतरते. सर्किट करणारे शिकाऊ विमान एका तासातच त्याहून जास्त वेळा उतरते, आणि तेही अजून हात न बसलेल्या माणसाच्या हातून.

मोठ्या विमानात माणसाच्या सांगण्यावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. तिथे यंत्र धक्का मोजते आणि मर्यादा ओलांडली की अभियंत्यांपर्यंत अहवाल पोहोचतो. वैमानिकाने काही लिहिले नाही तरी विमान सांगते. जुन्या १५२मध्ये असे काहीही नसते. काचेचे पडदे असलेल्या नव्या सेसना १७२मध्ये उभ्या दिशेचा भार कार्डावर नोंदला जातो खरा, पण ती नोंद सेकंदाला एकदा होते आणि आपटण्याचा धक्का त्याहून फार कमी वेळात होऊन जातो. त्यामुळे कार्डावर सगळे शांत दिसते आणि पत्रा वाकलेला असतो. कॉम्पोझिटच्या, म्हणजे पत्र्याऐवजी तंतू आणि राळ यांच्या थरांनी बनवलेल्या, विमानांची आणखी वेगळी अडचण आहे. १९९३ साली पहिल्यांदा उडालेले आपले ‘हंसा’ असो की आता अनेक शाळांत दिसणारी परदेशी विमाने असोत, त्यांचे अंग सुरकुतत नाही. वरून गुळगुळीतच राहते आणि आतले थर सुटतात. तिथे नाण्याने हळूहळू ठोकत जायचे आणि खणखणीत आवाज कुठे बद्द होतो ते ऐकायचे. पण ठोकायचे कुठे, हे कळण्यासाठीही आधी कोणीतरी सांगावे लागते की विमान आपटले आहे.

म्हणजे शिकाऊ विमानात धक्का मोजणारे सर्वांत भरवशाचे उपकरण आत बसलेला विद्यार्थी हेच आहे. त्याचे वय अठरा-वीस वर्षे असते. व्यावसायिक परवान्यासाठी त्याला २०० तास उडायचे असतात, त्याचा खर्च लाखांत असतो आणि पुष्कळांच्या घरी त्यासाठी जमीन गहाण पडलेली असते किंवा कर्ज काढलेले असते. विमान उभे राहिले तर त्याचेच तास लांबतात, त्याच्याबरोबरच्या पाच-सहा जणांचेही लांबतात आणि ते मेसमध्ये त्याला बोलून दाखवतात. मी एका शाळेत असताना जोरात लँडिंग झाल्याचे लिहिले की त्या मुलाचा सोलो बंद आणि वर दंड, अशी पद्धत होती. त्या शाळेचा टेक लॉग फार स्वच्छ असे. तिथल्या विमानांची काउलिंग उघडली की मला राग येई, आणि तो राग मुलांवर काढता येत नसे, कारण त्यांच्या जागी त्या वयात बसून पाहिले तर ‘निल’ लिहिणाऱ्या हाताची थरथर मला समजते.

लातूरकडची एक मुलगी आठवते. तिचे सोलो सर्किट संपले होते, विमान जाळीखाली बांधून झाले होते आणि आम्ही दिवे लावायला लागलो होतो. ती बसायच्या खोलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि शेवटी हँगरच्या दारात उभी राहिली.

“सर, मघाशी दुसरं लँडिंग जरा... नाकावर बसलं. लॉगमध्ये मी अजून काही लिहिलं नाहीये.”

“किती वेळा उसळलं?”

“दोनदा. मग गो अराउंड केलं.”

“चांगलं केलंस. आता इथे बसून लिही. जसं झालं तसंच, कमी नको, जास्त नको.”

ती वाकून लिहीत असताना मिस्त्रींनी न सांगता काउलिंगचे स्क्रू काढायला घेतले. पुढच्या पायाच्या खालच्या सीलमधून तेल झिरपायला लागले होते आणि चाकाची थडथड रोखणाऱ्या शिमी डँपरचा एक बोल्ट वाकला होता. फायरवॉल नीट होती, प्रोपेलर लागला नव्हता, इंजिनाचा सांगाडा शाबूत होता. सील आणि बोल्ट बदलले, नाक उचलून चाक हातांनी दोन्ही बाजूंना फिरवून पाहिले आणि विमान फारसे न अडकता पुन्हा उडाले. तो वाकलेला बोल्ट तसाच राहिला असता तर पुढच्या काही लँडिंगना नाकाचे चाक थडथडायला लागले असते, ती थडथड फायरवॉलला गेली असती आणि आडव्या टॉर्चच्या उजेडात मला पुन्हा सावल्या दिसल्या असत्या.

हिंदुस्थान एअरक्राफ्टचे (आताच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे) एचटी-२ हे आपल्या देशात आरेखन होऊन बनलेले प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. ते कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आरेखलेले होते, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. शेपटीला चाक असलेल्या त्या काळच्या विमानांवर शिकलेले जुने वैमानिक मला भेटलेले आहेत. त्यांच्या बोलण्यात लँडिंगच्या फजितीच्या गोष्टी मोकळेपणाने येतात: कोण उडी मारून गवतात गेला, कोणाचे विमान धावपट्टीवर भोवरा होऊन फिरले. त्यांच्या वेळीही मुलांनी काही लपवले नसेल असे मी म्हणणार नाही. पण आपले लँडिंग वाईट झाले हे सांगताना त्यांच्यापैकी कोणाचाही आवाज खाली येत नाही आणि आजच्या मुलांचा येतो, एवढे मी रोज ऐकतो.

माझे एक प्रशिक्षक मित्र आहेत. त्यांचे आणि माझे यावर नेहमी वाजते. त्यांचे म्हणणे असे की शिक्षा काढून टाकली तर मुले बेफिकीर होतात. धावपट्टीवर येताना थोडी भीती असलीच पाहिजे. त्यांच्या हातांनी शेकडो मुले उडवली आहेत. डाव्या सीटवरच्या मुलाच्या हातांवर न झडप घालता, शेवटच्या क्षणापर्यंत त्याला चुकू देऊन, मग विमान वाचवणे म्हणजे काय असते हे मी बाहेरून पाहिले आहे, त्यांनी आतून. त्यामुळे त्यांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. भीती हवी हे मला मान्य आहे. ती जमिनीची हवी, वेगाची हवी, तापलेल्या दुपारच्या हवेची हवी. टेक लॉगच्या पानाची भीती मुलाला बसवली तर लँडिंग सुधारत नाही, फक्त विमान आपटल्याचे मला उशिरा कळते. वाईट उतरणाऱ्या मुलाला खाली बसवा, त्याच्याबरोबर आणखी ड्युअल, म्हणजे प्रशिक्षकासह, सर्किट करा, हवे तर सोलो महिनाभर लांबवा. पण हे सगळे त्याच्या उडण्यासाठी असू द्या, त्याने सांगितले यासाठी नको. मागच्या वेळी एवढे बोलल्यावर ते म्हणाले, “आणि मालक तास मोजत बसलेला असतो त्याचं काय?” त्यावर मी त्यांना त्या फायरवॉलच्या दुरुस्तीचे बिल आणि लातूरच्या मुलीच्या सील-बोल्टचे बिल शेजारी शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी दोन्ही कागद घेतले आणि मालकाकडे आपण दोघे मिळून जाऊ म्हणाले. अजून गेलेलो नाही. पावसाळ्यात उड्डाणे कमी झाली की जायचे ठरले आहे.